आईच्या खोलीचा चुना

यंदा पाऊस उघडल्यावरही आईच्या खोलीची समुद्राकडची भिंत छातीएवढ्या उंचीपर्यंत ओलीच राहिली. पोपडे सुटले, कोपऱ्यात काळी बुरशी धरली आणि आईचा खोकला थांबेना. आमच्या मसोलीच्या घराला लोणा नवा नाही. वडिलांनी घर बांधलं तेव्हा खाडीची रेती फुकट मिळत होती, म्हणून गिलाव्यात तीच घातली. त्या फुकटाचं मीठ अजून भिंतीतून बाहेर येतं आहे. डॉक्टरांनी आईची छाती तपासली आणि औषध मी देतो, भिंतीचं तुम्ही बघा, एवढंच सांगितलं.

माझा स्वभाव काळजीचा. दूध उतू जायच्या आधीच मी फडकं घेऊन उभा असतो, असं बायको म्हणते, आणि ते खोटं नाही. चिकूच्या वाडीत ढग आला तरी माझी झोप जाते. त्यातून आईचं विसरणं गेल्या दोन वर्षांत वाढत चाललं होतं. आधी किल्ल्या, मग वार, मग शेजाऱ्यांची नावं. घर मात्र तिच्या पायांना पाठ होतं. स्वयंपाकघरातून खोलीत, खोलीतून ओट्यावर, ओट्यावरून तुळशीपाशी, कुणी हात धरायची गरज पडत नसे. ते तिचं शिल्लक राहिलेलं होतं, आणि मी त्यावर डोळ्यांत तेल घालून पहारा देत होतो.

भिंतीचं काम काढायचंच आहे तर सगळं घरच रंगवून घेऊ, असं बायकोने ठरवलं. तिचंही बरोबर होतं. डहाणू रोडच्या बाजारात ज्याला विचारावं तो एकाच रंगाऱ्याचं नाव सांगत होता. तो आला तोच भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करत, डॉक्टर पाठ वाजवून बघतो तसा. राहणारा वाढवणकडचा, त्याची आई गुजराती बोलणारी, म्हणून बोलणं दोन्हीकडचं. मला शेठ म्हणायचा, बायकोला बेन. सुरुवातीचा एक दिवस तो आला नाही, कारण गावात बंदराच्या विरोधाची बैठक होती. दुसऱ्या दिवशी आल्यावर म्हणाला, बंदर आलं तर रंगाची कामं भरपूर मिळतील, पण रंगवून संध्याकाळी जायचं कुठल्या घरी, ते कुणी सांगत नाही. मग त्याने शर्ट खुंटीला लावला आणि खरवडायला घेतलं.

कामाला माणूस चोख होता. आधी पुढची खोली घेतली. खरवडलं, पुट्टी भरली, घासली, प्रायमर मारला आणि मग रंगाचे दोन हात दिले. रंगाच्या एका थराला आपल्याकडे एक हात म्हणतात, हे मला माहीत होतं. पण त्याच्या तोंडून ऐकताना वाटायचं की तो खरोखरच आपले दोन हात त्या भिंतीला देऊन चालला आहे. फिकट लिंबू रंग, हात फिरवला तर काचेसारखा गुळगुळीत. ओल्या फडक्याने पुसता येईल, कपड्याला लागणार नाही. बायको खूश झाली. मीही झालो, उगाच खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी आई आपल्या खोलीतून बाहेर आली आणि उंबऱ्यावर थांबली. पुढच्या खोलीकडे बघत राहिली. खुर्ची तीच, झोपाळा तोच, वडिलांचा फोटोही पुन्हा त्याच खिळ्यावर. ती आत पाऊल टाकेना. मी जवळ गेलो तर तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. परक्या पुरुषासमोर करतात तसा. आणि मला म्हणाली,

"भाऊ, मला घरी सोडाल का? मुलं शाळेतून येतील."

मला पहिल्यांदा वाटलं, थट्टा करते आहे. माझी आई मला जन्मात कधी तुम्ही म्हणाली नव्हती. रे आणि अरे यांच्यापलीकडे आमचं व्याकरण गेलंच नव्हतं. मी म्हटलं, आई, हे आपलंच घर. तिने मान हलवली. माणूस भला आहे पण त्याला कळत नाही, अशी. मग खोलीत जाऊन कापडी पिशवीत दोन साड्या, चष्म्याची डबी आणि एक वाटी भरली आणि पिशवी मांडीवर घेऊन पलंगाच्या कडेला बसून राहिली. निदान पलंगावर बसली. ती खोली तिला अजून ओळखीची होती. आणि उद्या रंगारी हीच खोली घेणार होता.

सकाळी मी त्याला सांगितलं, स्वयंपाकघर कर, मधलं दालन कर, आईच्या खोलीला हात लावू नको. ती मी करीन. चुन्याने.

तो हसला नाही, पण त्याला वाईट वाटलं असावं. म्हणाला, "शेठ, जेनुं काम तेनुं थाय, बीजो करे तो गोथां खाय." ज्याचं काम त्यालाच साधतं, दुसरा करायला गेला तर गटांगळ्या खातो. चुना आता कुणी लावत नाही, आणि एकदा चुना लावला की पुढे रंग धरणार नाही, सगळं मुळापासून खरवडावं लागेल, हेही त्याने समजावून सांगितलं. बायकोने ऐकलं आणि ताक घुसळता घुसळता म्हणाली, लोक दुसऱ्याला चुना लावतात, हे घरच्या घरीच लावणार.

माझ्या मनातलं गणित साधं होतं, कदाचित खुळचट. त्या खोलीला आजवर आईशिवाय कुणी चुना लावला नव्हता. दरवर्षी दिवाळीच्या आधी ती कळीचा चुना पिंपात भिजत घालायची. खाडीकाठच्या केवड्याची मुळी ठेचून केलेला कुंचला पदर खोचून चालवायची. चुन्यात भाताची पेज घालायची, मूठभर मीठ घालायची, आणि शेवटी निळीची पुरचुंडी अशी काही फिरवायची की भिंत पांढरी दिसावी पण पांढरी नसावी. पेज घालूनही नव्या चुन्याला पहिले काही आठवडे अंग लावायची सोय नसे. आम्ही भावंडं भिंतीला टेकून अभ्यास करायचो आणि शाळेत पाठी पांढऱ्या घेऊन जायचो. तिचा आवाज स्वयंपाकघरातून यायचा, तिला तिथून दिसायचं कसं कोण जाणे: टेकू नको, पाठ भरेल. भिंत तीच राहिली, तसाच रंग राहिला, तर ती खोली तिच्या हातून जाणार नाही, आणि खोली राहिली तर कदाचित मीही राहीन, एवढाच माझा हिशेब होता.

काम चालू असताना तिला धुळीत ठेवणं शक्य नव्हतं. धाकटी बहीण तलासरीला असते, शाळेत शिकवते. ती येऊन आईला घेऊन गेली. गाडीत बसताना आईने मला हात जोडले आणि म्हणाली, तुमचे फार उपकार झाले. बहिणीने माझ्याकडे बघितलं नाही. मीही तिच्याकडे बघितलं नाही.

चुना शोधायला बाजारात गेलो तर पहिल्या दुकानदाराने विचारलं, खायचा का लावायचा? लावायचा म्हटल्यावर त्याने झाडांना लावायची पावडर पुढे केली. ती तर माझ्याकडे घरी पोत्याने होती. शेवटी कोसबाडच्या रस्त्याला एका जुन्या दुकानात कळी मिळाली. भिंतींचे पोपडे आणि बुरशी खरवडून काढली, मग पिंपात पाणी ओतलं, कळी टाकली, आणि ती रटरट उकळायला लागल्यावर पहिल्यांदा बरं वाटलं. तो आवाज विसरलो नव्हतो.

रंग जुळवायचं संकट वेगळंच होतं. निळसर म्हणजे किती निळसर? आठवणीत सगळीच भिंत आभाळाएवढी निळी होते. मग आईचं लाकडी कपाट ओढलं. मागे भिंतीचा चौकोन निघाला, ऊन, धूर, हात काहीही न लागलेला. आईच्या शेवटच्या हाताचा. मी त्याच्यासमोर बराच वेळ बसलो. मग बादलीत पुरचुंडी फिरवायची, भिंतीवर बोटभर पट्टा ओढायचा, वाळायची वाट बघायची, आणि परत. ओला चुना खोटं बोलतो. लावताना काहीच दिसत नाही, नुसतं मळकट पाणी. वाळला की एकदम उजळतो. मला ते माहीत असूनही धीर धरवला नाही. पहिला हात दिसेना म्हणून लगेच दुसरा दिला, सकाळी बघतो तर भिंत जाड, ढेकळासारखी, तडे गेलेली. सगळी खरवडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मधल्या दालनातून रंगारी येऊन दारात उभा राही, विडी न पेटवता नुसती बोटांत धरून. त्याचं ते उभं राहणं मला त्या म्हणीपेक्षा जास्त लागायचं.

रोज संध्याकाळी बहिणीचा फोन यायचा आणि तो वाजला की माझ्या हातातला कुंचला थांबायचा. आई जेवली. आईने आज तिला, म्हणजे पोटच्या मुलीला, बाई तुमचं नाव काय असं विचारलं. आई पिशवी घेऊन ओट्यावर बसून राहते. मी विचारायचो, माझं नाव काढते का? बहीण म्हणायची, मुलं शाळेतून येतील म्हणते. त्यातलं एक मूल मी आहे, हे मी स्वतःला सांगायचो. पण त्याने समाधान होत नसे. त्या मुलाची तिला काळजी होती आणि मला तिची, आणि आमची दोघांची गाठच पडत नव्हती.

मला मनातून भीती वाटायची, अगदी स्वच्छ सांगतो, की मी इथे भिंत जुळवत बसलो आहे आणि तिकडे ती दिवसागणिक पुसत चालली आहे. भिंत तयार होईल तेव्हा ओळखायला कुणी उरलेलं नसेल. बायको पाठीमागून चहा ठेवून जायची. एकदा तिने नुसतं विचारलं, आणि नाही ओळखली तर? मी तिच्यावर ओरडलो. ती कप उचलून आत गेली.

खाऱ्या वाऱ्यात चुना वाळायला वेळ घेतो. खिडक्या उघड्या ठेवल्या, पंखा लावला. शेवटी एका दुपारी खोलीत गेलो तर भिंती उजळल्या होत्या, आणि कपाटामागचा चौकोन कुठे संपतो ते मला चटकन सापडेना. मी खुशीत भिंतीवर तळवा ठेवला. उचलला तर तळवा पांढरा. बोट घासलं, बोटही पांढरं. नुसता हात लावला तरी पीठ सुटत होतं.

पेज. पेज घालायला विसरलो होतो. मीठही नाही. आणि विसरलो तरी कसा, तेही लगेच कळलं. मी आयुष्यभर चुना लावला तो चिकूच्या बुंध्यांना. झाडाची साल खरखरीत, ती चुना आपणच धरून ठेवते, तिला पेज लागत नाही. हाताला जी सवय होती त्याच सवयीने मी भिंत रंगवली होती. वाडीवाल्याने घर रंगवलं की असंच होणार.

रंगारी बघायला आला. त्याने भिंतीवर बोट ओढलं, बोटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाला, काही बिघडलेलं नाही, वरून चिकटवणाऱ्या पाण्याचा एक हात मारून देतो, सुटायचं बंद होईल. रंगही बदलणार नाही. फक्त उद्याचा दिवस मोकळा ठेवा. मी हो म्हटलं. मला त्याच्या पाया पडायचंच बाकी होतं.

पण त्याच दुपारी बहिणीचा फोन आला, नेहमीच्या वेळेच्या आधी. आई पिशवी घेऊन निघाली होती. बहीण शाळेत होती. शेजारणीला ती हायवेच्या कडेला सापडली, ट्रक जात होते आणि ही पदर सावरून पलीकडे जायला उभी. शेजारणीला म्हणाली, मसोलीला जायचं आहे, कुठली गाडी? काही झालं नव्हतं. पण फोनवर बहिणीला रडू आवरेना. तिला आजच आणतो, म्हटलं. भिंत गेली खड्ड्यात.

तलासरीहून येताना आई मागच्या सीटवर शांत बसली होती. पिशवी मांडीवर. एकदा विचारलं, तुम्ही मसोलीचेच का? मी हो म्हटलं. म्हणाली, बरं झालं. मग बाहेर बघत राहिली. मी आरशातून तिच्याकडे इतका बघत होतो की बहीण म्हणाली, दादा, रस्त्याकडे बघ.

पुढच्या खोलीच्या उंबऱ्यावर ती पुन्हा थांबली. लिंबू रंगाकडे बघितलं, पदर सारखा केला. बायकोने हात धरून तिला तशीच आत नेलं, मधल्या दालनातून तिच्या खोलीत. मी मागे.

ती खोलीच्या मधोमध उभी राहिली. एका भिंतीकडे बघितलं, दुसऱ्या भिंतीकडे बघितलं. चेहऱ्यावर काहीच नाही. कपाटाकडे गेली नाही, पलंगावर बसली नाही. वळून मला म्हणाली, "छान आहे तुमची खोली."

एवढंच. खोली तुमची आणि मी तुम्ही. बहीण खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. बायकोने माझ्याकडे बघितलं, पण 'मी विचारलं होतं ना' असं ती म्हणाली नाही, आणि तिचे हे उपकार मी विसरणार नाही. मी मागे सरकलो, भिंतीला पाठ लावली आणि तसाच खाली घसरत जमिनीवर बसलो, गुडघ्यांत डोकं घालून.

"टेकू नको."

मी डोकं वर केलं. आई माझ्याकडे बघत होती, कपाळाला आठ्या घालून.

"किती वेळा सांगायचं? पाठ भरेल. ऊठ बघू."

मी उठलो. तिने माझा दंड धरून मला वळवलं, पिशवी खाली ठेवली आणि माझ्या पाठीवर तळव्याने सपासप मारत चुना झटकायला लागली. मानेपासून कमरेपर्यंत. पंचावन्न वर्षांचा, टक्कल पडलेला मी, भिंतीकडे तोंड करून उभा होतो आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. धूळ गेली असेल असं म्हणायलाही जागा होती. ती पुटपुटत होती, असा जाशील का शाळेत? हसतील सगळे.

झटकून झाल्यावर तिने हात पदराला पुसले, पलंगावर बसली आणि बायकोला म्हणाली, चहा टाक.

दुसऱ्या दिवशी रंगारी सांगितल्याप्रमाणे डबा आणि ब्रश घेऊन आला. मी त्याला आत नेलंच नाही. राहू दे म्हटलं. त्याला वाटलं, शेठ पुन्हा स्वतःच करणार. मान हलवून तो स्वयंपाकघर संपवायला गेला. डॉक्टरांना मी फोन करून विचारून घेतलं, चुन्याच्या धुळीने छातीला काही होणार नाही ना. बुरशीपेक्षा बरी, पण खोकल्यावर लक्ष ठेवा, ते म्हणाले. ठेवतोच. ते एक काम मला येतं.

सगळं काही सुरळीत झालं असं नाही. सकाळी ती कधी मला भाऊ म्हणते, पुढच्या खोलीत अजून पदर सारखा करते. पिशवी भरणं थांबलेलं नाही. बाहेरच्या दाराला आम्ही वरची कडी बसवली आहे आणि ती लावताना मला रोज वाईट वाटतं. संध्याकाळी वाडीतून आल्यावर मी तिच्या खोलीत जातो आणि मुद्दाम भिंतीला टेकतो. कधी ती काहीच बोलत नाही, खिडकीबाहेर बघत राहते, आणि मी तसाच बसून राहतो. कधी बोलते. बायको माझे शर्ट वेगळे धुते आणि तक्रार करत नाही.

भिंतीवर माझ्या पाठीएवढी जागा आता पुसट झाली आहे, खालचा गिलावा दिसायला लागला आहे. काल पिंपात थोडी कळी भिजत घातली. निळीची पुरचुंडी काढून ठेवली. पेज घालायची नाही, हे या वेळी आठवणीने.